मेलेल्या जनावरावरची माशी वेगळी, जखमेत किडे पाडणारी वेगळी

अर्धापूर : पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. तूप-हळद लावून बैलाचा खांदा चोळताना वर्षभर न दिसलेल्या गोष्टी हाताला लागतात. कुठं जुवाने सोललेलं असतं, कुठं गोचीड निघालेल्या जागी खपली, कुठं शिंगाच्या बुडाशी चिघळलेलं. अन् नेमक्या याच दिवसांत, श्रावण-भाद्रपदात, हिरव्या-निळ्या चकाकत्या माश्या गोठ्यात, आखाड्यावर, उकिरड्यावर सगळीकडं घोंगावत असतात. चार दिवसांनी त्याच जखमेत किडे वळवळताना दिसले की गावात एकच निदान होतं, कुठंतरी जनावर मेलंय आणि त्यावरच्या माश्या इकडं आल्यात.

हे निदान अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यापायी दरवर्षी वासरं दगावतात. मेलेल्या जनावरावर वाढणाऱ्या माश्या आणि जिवंत जनावराच्या जखमेत किडे पाडणारी मुख्य माशी एकाच घराण्यातल्या असल्या तरी त्यांचे धंदे वेगळे आहेत. एकीला मेलेलं मांस लागतं, दुसरीला जिवंत. म्हणून मेलेलं जनावर खोल पुरलं तरी वासराच्या नाळेतले किडे थांबत नाहीत, आणि गोठ्यातल्या सगळ्या जखमा बऱ्या केल्या तरी ओढ्याकाठच्या माश्या कमी होत नाहीत. दोन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात.

मेलेल्या जनावरावर कोण कोण येतं

जनावर मेल्यावर उजेड असेल तर काही मिनिटांत पहिली माशी येते. आपल्याला वास यायच्या आधी तिला येतो. आधी येतात त्या चकाकणाऱ्या माश्या. आपल्याकडं त्यातली सगळ्यात नेहमीची म्हणजे क्रायसोमिया मेगासेफाला. नाव अवघड असलं तरी माशी ओळखायला सोपी आहे. घरमाशीपेक्षा ठसठशीत, अंग जाड, रंग हिरवा-निळा धातूसारखा, डोकं मोठं, डोळे विटकरी लाल आणि गाल पिवळट-नारिंगी. नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. ही माशी फक्त मढ्यावर बसत नाही. उघडा संडास, मटणाचं दुकान, आठवडी बाजारातले सुके बोंबील, पिकून फुटलेलं फळ, गुळाची ढेप, तिला सगळं चालतं. साथीच्या दिवसांत तिची खरी भीती याचसाठी आहे. एका पायाने घाणीवर आणि दुसऱ्याने जेवणाच्या ताटावर, असा तिचा दिवसभराचा प्रवास असतो, आणि काही किलोमीटरचं अंतर तिला जड जात नाही.

तिच्यासारखीच दिसणारी पण थोडी सडपातळ, गाल पांढरट असलेली दुसरी हिरवी माशी म्हणजे क्रायसोमिया रुफिफेसिस. ती थोडी उशिरा येते. तिला ओळखायचं तर माशीपेक्षा अळी पाहावी. बाकीच्या माश्यांच्या अळ्या गुळगुळीत, भाताच्या शितासारख्या. हिच्या अळीच्या अंगावर मांसल काट्यांसारखे उंचवटे असतात, त्यामुळं ती केसाळ वाटते. ही अळी आधी आलेल्यांच्या अळ्याच खाते. अन्न कमी पडलं तर आपल्याच भावंडांनाही सोडत नाही. या माशीची आणखी एक गंमत अशी की एक मादी आयुष्यभर फक्त माद्यांनाच जन्म देते, दुसरी फक्त नरांना.

तिसरी ल्युसिलिया. लहानखुरी, हिरवी किंवा तांब्याच्या भांड्यासारखी झळाळणारी, गाल चंदेरी. उन्हात पानावर बसलेली पाहिली तर देखणी वाटते. मेंढपाळांना ही जास्त माहीत असावी, कारण मेंढीच्या शेपटीखाली लोकर ओली-घाण राहिली की तिथं अंडी घालणाऱ्यांत ल्युसिलिया कुप्रिनाचा नंबर वरचा आहे.

या तिन्ही चकाकतात. चौथी चकाकत नाही. राखाडी अंग, पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळे लाल, आकाराने बऱ्यापैकी मोठी. ही मांसमाशी, शास्त्रात सार्कोफॅगा. ती अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच फुटतात आणि ती थेट जिवंत अळ्या टाकते. त्यामुळं 'मटण आणून तासभरही झाला नाही आणि त्यात किडे कसे', असं कुणी विचारलं तर बहुतेक वेळा हिचंच काम असतं.

साधी घरमाशी, पाठीवर चार पट्टे असलेली, मढ्यावर येते पण ती तिथली मुख्य पाहुणी नाही. तिचा संसार शेणात आणि उकिरड्यात. आणखी एक तिच्याहून थोडी लहान, पाठीवर दोनच ठळक पट्टे असलेली माशी लेकरांच्या डोळ्यांवर आणि जनावराच्या ओल्या जखमांवर चिकटून बसते. खुपऱ्यांचा रोग पसरवण्यात तिचा मोठा वाटा होता. तो रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

मढं सुकत आलं की माश्यांचं काम संपतं आणि चामडं-हाडं पोखरणारे काळपट भुंगेरे येतात. उन्हाळ्यात हे लवकर होतं, पावसाळ्यात फार उशिरा.

किडे आतून तयार होत नाहीत

'रक्त नासलं की किडे आपोआप होतात' असं अजूनही पारावर ऐकायला मिळतं. इटलीत फ्रान्सिस्को रेदी नावाच्या वैद्याने १६६८ मध्ये याचा निकाल लावला. काही भांड्यांत मांस उघडं ठेवलं, काहींवर पातळ कापड बांधलं. उघड्या मांसात अळ्या झाल्या, कापड बांधलेल्यात झाल्या नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजही गोठ्यात तसाच लागू पडतो. जखमेवर माशी बसू दिली नाही तर किडे पडत नाहीत.

मेगासेफालाची मादी एका वेळी दोन-अडीचशे अंडी घालते. पांढरी, तांदळाच्या कणीसारखी, पुंजक्याने. नाक, तोंड, डोळे, गुदद्वार, जखम अशा ओल्या जागी. आपल्याकडच्या पावसाळी उष्म्यात दिवसाच्या आत अंडी फुटतात. अळी चार-पाच दिवस खाते, दोनदा कात टाकते, मग मढं सोडून चालायला लागते. पाच-दहा फूट, कधी त्याहून लांब जाऊन मऊ मातीत शिरते आणि तपकिरी, कडक, ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या कोषात बंद होते. आणखी चार-पाच दिवसांनी नवी माशी. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत दहा-अकरा दिवस. थंडीत हाच काळ दुप्पट-तिप्पट होतो.

मढ्यातल्या अळ्यांच्या ढिगात हात घालायचं धाडस कुणी करणार नाही, पण तिथं चांगलीच ऊब असते. हजारो अळ्या एकत्र खात असतात तेव्हा ढिगाचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त चढतं. त्यामुळं बाहेर गारठा असला तरी आत काम चालू राहतं.

जिवंत मांसाची माशी

आता ती दुसरी. क्रायसोमिया बेझियाना. दिसायला मेगासेफालाची सख्खी बहीण, इतकी की नुसत्या डोळ्यांनी दोघींत फरक करणं जाणकारालाही कठीण. म्हणून शेतकऱ्याने माशीच्या रंगाच्या मागे लागू नये. अळ्या कुठं आहेत आणि कशा आहेत, ते पाहावं.

बेझियाना मेलेल्या जनावरावर अंडी घालत नाही. तिला ताजी, रक्त-पाणी सुटणारी जखम लागते. ती फार मोठी असायची गरज नाही. गोचीड तुटलेली जागा, नवजात वासराची ओली नाळ, कानात टॅग मारल्याचं भोक, खच्चीकरणाची जखम, व्यायल्यावर फाटलेली जागा, खांद्यावरचं सोलपट, एवढं पुरतं. जखमेच्या कोरड्या काठावर ती दीडशे-दोनशे अंडी चिकटवते, बऱ्याचदा दुपार कलल्यावर. दिवसभरात अळ्या फुटून जखमेत उतरतात. डोकं आत, शेपूट बाहेर, अशा एकाला एक लागून उभ्या रुतलेल्या. बाहेरून फक्त त्यांच्या श्वास घ्यायच्या टोकांचे काळे ठिपके दिसतात. मेलेल्या मांसावरच्या अळ्या वरवर वळवळतात, चिमट्याने सहज उचलता येतात. या अळ्या ओढल्या तरी आत सरकतात. गावात कुणी याला 'किडे पडले' म्हणतं, कुणी 'आसडी झाली' म्हणतं. रोग तोच.

जखमेतून येणारा घाण वास आणि रक्तमिश्रित पाणी आणखी माद्यांना बोलावतं. मग रुफिफेसिस, ल्युसिलिया, मांसमाशी याही येतात आणि मेलेल्या भागावर ताव मारतात. म्हणूनच घोटाळा होतो. सुरुवात एकीने केलेली असते, गर्दी बाकीच्यांची दिसते. मोठा बैल आठवडाभर तग धरतो, पण चार-पाच दिवसांच्या वासराची नाळ पोखरली गेली तर त्याला तेवढा वेळही मिळत नाही. खाणं सोडतं, कोपऱ्यात उभं राहतं, सारखं पोटाकडं पाहतं, शेपूट आपटतं. लाल कंधारी असो, देवणी असो की संकरित, माशीला जातीचं देणंघेणं नाही.

अमेरिकेत याच प्रकारची पण वेगळ्या वंशाची माशी होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने नर वांझ करून ते विमानातून कोट्यवधींनी सोडले. त्या माशीची मादी सहसा एकदाच जुगते, त्यामुळं वांझ नराशी जुगलेली मादी पोकळ अंडी घालते. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हा उपाय यशस्वी झाला आणि १९६६ मध्ये अमेरिकेने माशी हटल्याचं जाहीर केलं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मध्य अमेरिकेतून वर सरकत मेक्सिकोत पुन्हा सापडली आणि अमेरिकेने मेक्सिकोच्या जनावरांची आयात थांबवली. आपल्याकडं या माशीसाठी असा कार्यक्रम नाही. इथला बंदोबस्त एकेका जखमेवरच करावा लागतो.

ती जखम कशी हाताळायची? आधी भोवतीचे केस कापावेत. टर्पेंटाइन तेलात भिजवलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा जखमेच्या तोंडावर काही मिनिटं धरावा. हवा कोंडली की अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक काढाव्यात, आणि काढलेल्या अळ्या जमिनीवर टाकू नयेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. मातीत गेलेली पूर्ण वाढलेली अळी आठवड्याभरात माशी होऊन परत येते. उकळत्या पाण्याचं भांडं शेजारी ठेवावं आणि अळ्या त्यात टाकाव्यात. नंतर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने जखम धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावं, भोवती माशी न बसू देणारं मलम किंवा कापूर घातलेलं निंबाचं-करंजाचं तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहावं, कारण पहिल्या खेपेला सगळ्या अळ्या कधीच निघत नाहीत. खोल जखम, नाळ, डोळ्याजवळची किंवा योनीतली जखम असेल तर घरी वेळ घालवू नये. पशुवैद्यक आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊ शकतात. दुभत्या गाई-म्हशीला दिलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे त्यांनाच विचारून घ्यावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

हळद लावतात, ती लावायला हरकत नाही. अर्धापूरच्या घराघरांत ती आहेच आणि स्वच्छ जखमेला तिचा फायदाही होतो. पण आत अळ्या असताना वरून हळद भरली तर जखम झाकली जाते आणि किडे आत राहतात. सीताफळाच्या पाल्याचा रस हा जुना उपाय अळ्या मारतो, हे खरं. त्याच्या बियांची पूड मात्र डोळ्यात गेली तर फार इजा करते. पेट्रोल, रॉकेल, कपाशीवर मारायचं औषध, हे जखमेत ओतायचे प्रकार बंद झाले पाहिजेत. जनावर जखम चाटतं आणि किड्यांआधी तेच विषबाधेने जातं.

२०२२ च्या लम्पीच्या साथीत हा प्रश्न फार जणांनी पाहिला. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात राज्यातला त्या लाटेचा पहिला रुग्ण सापडला आणि मग साथ राज्यभर गेली. लम्पी पसरवतात त्या रक्त पिणाऱ्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड. हिरव्या माश्यांचं ते काम नाही. पण गाठी फुटून खड्डे पडले की त्यात अळ्या पडतात, आणि तापातून वाचलेलं जनावर त्या जखमांनी जायची वेळ येते. गाय गेली तर ३० हजार, बैल गेला तर २५ हजार आणि वासरू गेलं तर १६ हजार, असं अर्थसहाय्य तेव्हा राज्य सरकारने जाहीर केलं होतं. बैलजोडीचा बाजारातला भाव माहीत असणाऱ्याला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

कोणत्या महिन्यात काय

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की माश्या वाढायला लागतात. आषाढात संततधार असली तर थोड्या कमी दिसतात, कारण भर पावसात माशी उडत नाही आणि पाणी साचलेल्या मातीत कोष मरतात. खरा जोर पावसाच्या उघडिपीत. श्रावण, भाद्रपद, आश्विन, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर हे त्यांचे महिने. ऊब आहे, ओल आहे, पण चिखल नाही. जखमेतल्या किड्यांचाही हाच हंगाम, आणि नेमकी याच काळात सोयाबीनची काढणी असते, घरात जखमेकडं पाहायला सवड कुणाला नसते.

दिवाळीनंतर रात्री गारठल्या की माशी फक्त दुपारी उन्हात दिसते. संख्या घटते, वाढ मंदावते, मढं बरेच दिवस तसंच पडून राहतं. या दिवसांत गायी व्याल्या तर नाळेची भीती कमी असते, शून्य नसते. उत्तर भारतात थंडीत एक जाडजूड गडद निळी माशी येते, क्रायसोमियाची जागा ती घेते.

माघ-फाल्गुनात ऊन वाढलं की माश्या पुन्हा थोड्या वाढतात. आंब्याच्या मोहराजवळ तेव्हा उभं राहून पाहावं. मोहरावर मधमाश्यांपेक्षा माश्याच जास्त असतात आणि त्यात याच हिरव्या माश्याही असतात. आंब्याचं परागीभवन मोठ्या प्रमाणात माश्यांच्या भरवशावर चालतं. ऑस्ट्रेलियात तर काही बागायतदार माश्या याव्यात म्हणून मोहराच्या काळात बागेत मेलेली जनावरं किंवा मासळी ठेवतात. इथं कुणी ते करायला जाऊ नये, शेजारी भांडायला येतील, पण दिसली माशी की औषध फवार, एवढी घाई मोहरावर तरी करू नये.

चैत्र-वैशाखात पारा ४२-४३ च्या वर गेला की भर दुपारी माशी उडत नाही. सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर तिचं काम चालतं. उघड्या माळावरचं मढं कातडं होऊन वाळतं, अळ्यांना ओलच मिळत नाही. पण अर्धापूरची गोष्ट थोडी निराळी. कालव्याचं पाणी, विहिरी-बोअर आणि केळीच्या बागा यामुळं इथं उन्हाळ्यातही सावली आणि ओल शिल्लक असते, आणि माशीला दुपार काढायला तेवढं बस्स होतं. केळीच्या सडक्या खोडांवर दिसणाऱ्या बारीक माश्या मात्र वेगळ्या. त्यांचा मढ्याशी संबंध नाही.

मढं कुठं टाकायचं

पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारलं तर गावाबाहेर मेलेल्या बैलावर उतरलेली गिधाडं आठवतात. काही तासांत हाडं उरायची. माशीला अंडी घालायला मांसच शिल्लक राहत नसे. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये कळलं, जनावरांना सूज-वेदनेवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पुढं २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही. त्याच कामाला मेलॉक्सिकॅम चालतं आणि ते गिधाडांना धोक्याचं नाही. दुकानदार काय देतो ते बाटलीवर वाचून घ्यावं.

दुसरी गोष्ट माणसांची. मेलेली गुरं ओढायचं काम पिढ्यान्पिढ्या जातीच्या नावाने काही लोकांवर लादलं होतं. ते सोडा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितलं, आणि ते सुटलं ते योग्यच झालं. चूक पुढची आहे. ज्याचं जनावर त्याने किंवा ग्रामपंचायतीने ते काम स्वतःच्या अंगावर घ्यायला हवं होतं. बहुतेक गावांत ते झालं नाही. मढं ओढ्यात, कॅनॉलच्या कडेला नाही तर दुसऱ्याच्या वावराच्या बांधावर जातं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पोळ्याच्या तोंडावर मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ भागात पूर आला, माणसं गेली आणि दावणीची जनावरंही गेली. पोळा त्या वर्षी २२ ऑगस्टला होता. म्हणजे माश्यांचा वर्षातला सगळ्यात जोराचा काळ. अशा वेळी मढी उचलायला दहा दिवस लागले तर माश्यांची एक अख्खी पिढी तयार होते. एका बैलाच्या मढ्यातून किती माश्या निघतील याचा हिशेब करायचा तर हजारांत करावा लागतो.

पुरायचं तर खोल पुरावं. किमान सहा ते आठ फूट खड्डा, विहीर-बोअर-ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर, वर माती दाबून आणि ढीग करून. दोन फुटांचा खड्डा उपयोगाचा नाही. कोषातून निघालेली माशी डोक्यावरचा फुगा फुगवत मोकळ्या मातीतून फूटभर सहज वर येते, आणि कुत्री उकरतात ते वेगळंच. जेसीबी गावात असतोच, खर्च वाटून घेतला तर जड नाही. मढ्यावर अळ्या आधीच पडल्या असतील तर भोवतीची वीतभर मातीही खरवडून खड्ड्यात टाकावी, कोष तिथंच असतात.

एका बाबतीत मात्र हात लावायच्या आधी थांबावं. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, मढं झपाट्याने फुगलं आहे, तर तो काळपुळीचा, म्हणजे फाशीचा आजार असू शकतो. अशा जनावराचं कातडं काढू नये, पोट फाडू नये, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. आफ्रिकेत याच क्रायसोमिया माश्या काळपुळीच्या मढ्यावर जेवून जवळच्या झुडपांच्या पानांवर बसतात, तिथं ओकतात, हगतात, आणि तो पाला खाणाऱ्या हरणांना रोग होतो, हे अभ्यासातून दिसलं आहे.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. मोकळ्या कोंबड्यांनी मढ्यातल्या अळ्या टिपल्या तर त्यांना बोटुलिझमचं विष बाधू शकतं. कोंबडी मान टाकते, पाय-पंख ढिले पडतात, पिसं ओढली तर सहज निघतात. अळी त्या विषाने मरत नाही, कोंबडी मरते.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मेलेल्या पक्ष्यांवरही याच माश्या येतात. २००४ मध्ये जपानमध्ये बर्ड फ्लूच्या कोंबडीफार्मजवळ पकडलेल्या निळ्या माश्यांत तो विषाणू सापडला होता. माशीमुळंच रोग पसरतो असा अर्थ त्यातून लगेच काढता येत नाही. तरी मेलेला पक्षी उकिरड्यावर फेकण्याऐवजी कळवणं आणि हातमोजे घालून पुरणं एवढं तरी व्हावं.

माणसालाही

नाकात किडे पडल्याचे रुग्ण आपल्याकडं पावसाळा संपताना येतात. ज्यांच्या नाकात जुना घाण वासाचा आजार आहे, त्यांना स्वतःला वास येत नाही आणि माशीला येतो. दुपारी वावरात उघड्यावर झोप लागली की काम झालं. एका बाजूने रक्त येणं, नाकात काहीतरी सरकल्यासारखं वाटणं, डोळ्याखाली सूज, ही लक्षणं. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले लोक, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं यांच्या जखमांतही हेच होतं. यात लाज वाटून घरात लपवण्यासारखं काही नाही, आणि घरी टर्पेंटाइन नाकात सोडायचंही नाही. थेट रुग्णालयात जावं, नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभाग आहे. काही देशांत डॉक्टर जुनाट जखमा साफ करायला ल्युसिलियाच्या अळ्या मुद्दाम सोडतात, हे खरं आहे; पण त्या प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या असतात आणि ती जात मेलेलंच मांस खाते.

पंचनाम्यातली माशी

वावरात, विहिरीच्या कडेला अनोळखी मृतदेह सापडतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, कधी मेला. दोन-तीन दिवसांनंतर अंगाचा ताठरपणा, तापमान यावरून फारसं सांगता येत नाही. तिथं अळीचं वय कामाला येतं. चीनमध्ये सोंग त्झ नावाच्या न्यायाधीशाने १२४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात एक प्रकरण आहे. एका माणसाला विळ्याने मारलं होतं. तपास करणाऱ्याने गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर ओळीने ठेवायला लावले. दिवस उन्हाळ्याचे. माश्या एकाच विळ्यावर येऊन बसल्या. धुतलेला असूनही त्यावर रक्ताचा वास राहिला होता. मालकाने कबूल केलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत अशी तरतूद आहे. त्यामुळं मृतदेहाजवळ वास येतो म्हणून फिनेल शिंपडणं, पावडर टाकणं, अळ्या झाडून काढणं हे पोलीस येईपर्यंत कुणी करू नये. तज्ज्ञ सगळ्यात मोठ्या अळ्या शोधतात, भोवतीची माती चाळून कोष पाहतात, तिथलं तापमान नोंदवतात. निम्म्या अळ्या गरम पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवतात, म्हणजे त्यांची लांबी मोजता येते. उरलेल्या निम्म्या जिवंत ठेवून वाढवतात, कारण बऱ्याच अळ्यांची जात ती माशी होऊन बाहेर आल्यावरच पक्की सांगता येते.